वीस सेकंद

निलगिरीच्या तेलाचा वास एकदा तळहातांत मुरला की साबणाने जात नाही. सकाळी चहाचा कप ओठांशी नेला तरी वाफेच्या आधी तोच नाकाशी येतो, आणि त्याच्या मागोमाग हॉटेलांच्या त्या अरुंद खोल्या उभ्या राहतात: खिडकीच्या गजांवर वाळत घातलेल्या जर्सी, पलंग भिंतीकडे लोटून केलेल्या जागेत मांडलेलं माझं घडीचं टेबल, आणि त्यावर पालथा पडलेला एखादा शिणलेला देह, ज्याच्या मांडीवर उन्हाने अशी रेघ आखलेली असते की वरचा माणूस वेगळा आणि खालचा वेगळा वाटावा. नऊ वर्षं मी एका व्यावसायिक सायकल संघाबरोबर हिंडले. कागदावर माझं पद फिजिओथेरपिस्टचं. स्वारांचे पाय चोळणं, जखमा धुणं, बाटल्या भरणं, हॉटेलच्या स्वयंपाकघरात पहाटे भात शिजलाय की नाही ते पाहून येणं आणि शर्यतीच्या मध्यावर रस्त्याच्या कडेला हात लांबवून खाण्याच्या पिशव्या धरून उभं राहणं, एवढं सगळं त्या एका शब्दात बसवलेलं होतं.

इतक्या प्रदेशांतून गेले, पण पाहिला म्हणावा असा त्यांतला एकही नाही. घाटातल्या गावांची ओळख मला पोटऱ्यांतल्या गाठींतून झाली. मोकळ्या माळांची, जिथे दिवसभर आडवा वारा झोंबत असतो, ती कमरेच्या ताणातून. अरेरा कॉलोनीतल्या माझ्या शेजारणींना वाटे की मी देश पाहत फिरते. मी पाहत असे ती समोरच्या गाडीची मागची काच, आणि संध्याकाळी पाठी. त्या भटकंतीत माणूस घरापासून तुटतो तसा हळूहळू स्वतःच्या मतांपासूनही तुटत जातो. कुठे झोपायचं, किती वाजता उठायचं, कुणाच्या जखमेची वाच्यता करायची आणि कुणाची नाही, हे सगळं दुसरं कुणी ठरवत असतं, आणि काही वर्षांनी त्याचा जाच वाटेनासा होतो.

आमच्या संघात हिंदी चाले, पंजाबी चाले, परदेशी स्वारांपुरती मोडकी इंग्रजी चाले. मराठी बोलणारे आम्ही दोघंच, आणि दोघंही भोपाळचे. राजधानी हलली तेव्हा माझे आजोबा राज्याच्या कचेऱ्यांबरोबर नागपूरहून इथे आले. दिगंबरचं घराणं उज्जैनचं, वडील शहराबाहेर मंडीदीपच्या एका कारखान्यात, घर कोटरा सुल्तानाबादमध्ये. त्याला सगळे दिगू म्हणत. तो मला ताई म्हणे. टेबलावर पालथा पडला की दिवसभर गप्प असलेला हा माणूस आपल्या हिंदी मिसळलेल्या मराठीत बोलत राही: आईने व्हिडिओ कॉलवर कुठली भाजी दाखवली, वडील अजून घड्याळ पाच मिनिटं पुढे न ठेवता अगदी बरोबर कसं ठेवतात, कारण कारखान्यात त्यांचं कामच मशीनचा वेळ मोजण्याचं. त्या अर्ध्या तासात आम्ही दोघं जणू परगावाहून आपल्या गल्लीत येऊन बसायचो.

सायकल तो शिकला मंडीदीपच्या हमरस्त्यावर, मालाच्या ट्रकमागे. ट्रकच्या पाठीशी वारा नसतो. तिथे जीव मुठीत धरून टिकून राहायचं आणि पाय फिरवत राहायचं, एवढाच त्याचा सराव. आणि पुढे नियतीने त्याला नेमकं उलट काम दिलं. सहा वर्षं तो आमच्या कप्तानासमोर वारा अंगावर घेत राहिला. सायकलींच्या शर्यतीत काही स्वार जिंकण्यासाठी असतात आणि बाकीचे त्यांना आडोसा देण्यासाठी; कप्तानाला पाणी आणून द्यायचं, त्याचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं, तो मागे पडला तर थांबून त्याला ओढत पुढे न्यायचं. दिगूने हे सगळं केलं, आणि त्याच्या नावापुढे कधी पहिला क्रमांक लागला नाही. एकोणतिसाव्या वर्षी त्याला एवढंच हवं होतं. अनेक दिवसांच्या शर्यतीतल्या एका दिवसाच्या टप्प्यात जरी पहिला आला असता तरी खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीचा अर्ज भरता आला असता, आणि वयाची अट संपत आली होती.

त्या मार्चमध्ये शर्यतीचा एक टप्पा भोपाळला संपणार होता. सकाळी आम्ही नर्मदेच्या काठावरून निघालो तेव्हा गव्हाच्या शेतांवर ऊन पिकल्यासारखं पसरलं होतं, आणि ओबेदुल्लागंजच्या अलीकडच्या टेकड्यांवर पळस असा फुलला होता की पानांशिवाय पेटलेली ती झाडं पाहून मला उगीचच शुभशकुन झाल्यासारखं वाटलं. शेवट मोठ्या तलावाच्या काठावर. वाट मंडीदीपवरून, मिसरोदवरून, मग अरेरा कॉलोनीजवळून. दिगूचे वडील कारखान्याच्या फाटकाशी उभे राहणार होते, आई तिच्या शाळेतल्या मुलांना घेऊन अरेरा कॉलोनीच्या चौकात. मी पिशव्या वाटून झाल्यावर संघाच्या मॅनेजरसाहेबांच्या गाडीत बसले, शहरातले रस्ते मला ठाऊक म्हणून.

ओबेदुल्लागंज मागे पडण्याआधीच दिगू एकटा पुढे निघून गेला होता. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अडवलंही नव्हतं. गाडीतल्या वायरलेसवर पंचांचा आवाज दर थोड्या वेळाने अंतर सांगत होता, आणि मंडीदीप जवळ आलं तेव्हा मुख्य घोळका त्याच्या जवळजवळ दोन मिनिटं मागे होता. दोन मिनिटं म्हणजे पुष्कळ. तो जिंकलाच असता असं छातीठोकपणे मी म्हणत नाही. वीसेक किलोमीटर उरले होते आणि वारा समोरचा होता. पण त्या वाऱ्याची त्याला सहा वर्षांची सवय होती.

तेवढ्यात आमच्या डोळ्यांसमोर कप्तानाचं चाक बसलं. चाक बदलेपर्यंत घोळका निघून गेला, आणि सगळ्या दिवसांच्या एकंदर क्रमवारीत वर असलेला कप्तान मागे एकटा उरला. मॅनेजरसाहेबांनी वायरलेस उचलून दिगूला थांबायला सांगितलं. उत्तर नाही. पुन्हा सांगितलं. त्याच्या कानातलं यंत्र चालू होतं. सकाळी मीच त्याच्या कानात ते नीट बसवलं होतं. तिसऱ्यांदाही त्याने ऐकलं नाही तेव्हा साहेब चिडले नाहीत. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि वायरलेस माझ्या हातात दिला.

"आप बोलिए," ते शांतपणे म्हणाले. "आपकी बात मानेगा. कहिए पीछे वाले बीस सेकंड पर आ गए हैं, अब कोई फ़ायदा नहीं."

मला भीती वाटली असं सांगितलं तर ते सोपं होईल, आणि कदाचित लोक समजूनही घेतील. पण त्या क्षणी मला वाटला तो अभिमान होता. नऊ वर्षं मागच्या सीटवर बसलेल्या बाईची आज गरज पडली होती. माझ्या शब्दाला वजन आहे हे त्या माणसाने ओळखलं होतं. मी बटण दाबलं.

"दिगू, मी बोलतेय. मागचे वीस सेकंदांवर आलेत रे. आता काही उरलं नाही. थांब, आणि कप्तानाला घे."

वायरलेसमधून वारा ऐकू आला. मग त्याचा धापा टाकणारा आवाज.

"पक्कं, ताई?"

"हो. पक्कं."

"बरं," तो म्हणाला.

आम्ही मंडीदीपमध्ये पोचलो तेव्हा तो कारखान्याच्या फाटकापासून थोडा पुढे, एक पाय जमिनीवर टेकून उभा होता. घोळका केव्हाच निघून गेला होता. कप्तान येताच त्याने पाय उचलला, पुढे झाला, आणि पुढचे कितीतरी किलोमीटर मान खाली घालून त्याला ओढत नेलं. मिसरोदच्या पुढे त्याने कप्तानाला घोळक्यात नेऊन सोडलं. अरेरा कॉलोनीच्या चौकात त्याची आई मोबाईल उंच धरून उभी होती. तो व्हिडिओ मी पुढे पाहिला. रंगीत जर्सींचा एक लोंढा, त्यातच कुठेतरी दिगू, सरकन निघून जातो, मुलं ओरडतात, आणि लोंढा गेल्यावरही मोबाईल तसाच रस्त्यावर रोखलेला राहतो, कारण तिला वाटत होतं की तो अजून यायचा आहे.

त्या दुपारी चार वाजता तो माझ्या टेबलावर आला. खिडकीतून तलावाचा एक चकाकता तुकडा दिसत होता. मी तेल ओतलं, पोटरीवर अंगठे ठेवले. त्याचे पाय दगडासारखे झाले होते. पालथा पडून, चेहरा टेबलाच्या डोक्याकडच्या भोकात असताना, त्याने विचारलं, "वीस सेकंदच होते ना, ताई?"

या वेळी गाडी नव्हती, साहेब नव्हते, कुणी हातात काही दिलेलं नव्हतं. खोलीत आम्ही दोघंच होतो आणि दार मी स्वतः लावून घेतलं होतं.

"हो रे," मी म्हणाले. "वाऱ्यात अंदाज येत नाही."

तो पुन्हा "बरं" म्हणाला आणि त्याने कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी पोट बिघडून कप्तान शर्यतीतून बाहेर पडला. ज्याच्यासाठी ते सगळं केलं त्याच्याही हाती काही लागलं नाही. आम्ही पुढच्या शहरांत गेलो, मग त्याच्याही पुढच्या. हंगाम संपेपर्यंत दिगू रोज संध्याकाळी टेबलावर येत राहिला. भाजीच्या गोष्टी थांबल्या होत्या, पण आदबीत काही उणं नव्हतं. उठताना तो टॉवेलची घडी घालून ठेवी, पूर्वीसारखीच. मी स्वतःला समजावत असे की शिणलेल्या माणसाला सेकंदांचा हिशेब राहत नाही, आणि ते मला पटतही असे. हंगामानंतर त्याने संघ सोडला.

पुढच्या हिवाळ्यात मी त्याच्याकडे गेले. खरं कारण मलाही सांगता आलं नसतं. दिवाळीनंतरची एक रविवारची सकाळ होती, हवेत थंडीचा पहिला कोरडेपणा होता, आणि मी स्कूटर काढून कोटरा सुल्तानाबादचा पत्ता विचारत निघाले. तो आता मंडीदीपलाच, वडिलांच्या कारखान्यात, माल बांधण्याच्या विभागात होता. सायकल कुठे दिसली नाही. आई कुणाच्या बारशाला गेलेली. दिगू "बसा ताई, चहा टाकतो" म्हणून आत गेला, आणि वडील माझ्यासमोर बसले. सरळ, मोजकं बोलणारा माणूस. मनगटावर घड्याळ.

इकडचं तिकडचं झाल्यावर त्या दिवसाचा विषय त्यांनीच काढला. आवाजात आरोप नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"फाटकाच्या पुढेच थांबला हो. मला वाटलं, सायकल बिघडली. धावत गेलो. म्हणाला, थांबायला सांगितलंय, मागे वीस सेकंदांवर आहेत. मी घड्याळ पाहत उभा होतो, मॅडम, माझी सवयच ती. वीस गेले, चाळीस गेले. रस्ता रिकामा. मी म्हटलं, अरे जा, कुणी नाही मागे. मिनिट झालं तरी कुणी नाही." त्यांनी मनगटावरचं घड्याळ जरा सारखं केलं. "तर मला म्हणतो, बाबा, तुमचं घड्याळ चुकत असेल. ताई म्हणाल्यात. त्या खोटं नाही बोलायच्या."

आत भांड्याचा आवाज आला. रिकाम्या हमरस्त्यावर, जन्मभर वेळ मोजणाऱ्या बापाच्या घड्याळापेक्षा त्याने माझा शब्द खरा धरला होता. आणि मग त्याच दुपारी, सगळं समजूनही, मला एकदा विचारून पाहिलं होतं. त्या प्रश्नात त्याने माझ्यासाठी एक दार उघडं ठेवलं होतं. मी तेही लावून घेतलं.

दिगू चहा घेऊन आला. त्याने वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काय बोलणं झालं ते त्याला कळलं असावं, कारण बशी खाली ठेवताना तो जरासा थबकला. मग संघातल्या एका नव्या स्वाराच्या गुडघ्याची चौकशी करत राहिला. मी चहा प्यायले. त्याची चव मला आठवत नाही.

निघताना तो फाटकापर्यंत आला. अरुंद गल्लीतून स्कूटर त्यानेच मागे घेऊन वळवून दिली. ऊन अंगावर आलं होतं. मी हेल्मेट हातात धरून म्हणाले, "दिगू, त्या दिवशी..."

"ताई, आल्या रस्त्याने नका जाऊ," तो म्हणाला. "आत्ताच खणायला घेतलाय. डावीकडून जा, शाळेच्या मागून. तिथून सरळ मोठ्या रस्त्याला लागता."

त्याने हात जोडले. मी गाडी सुरू केली आणि डावीकडे वळले. शाळा आली, तिच्या मागची भिंत आली, भिंतीवर वाळत घातलेल्या गोधड्या आल्या. ती वाट मी कधी पाहिली नव्हती. ती कुठे निघते, पुढे बंद तर नाही, हे कुणाला विचारावं असं मला वाटलं नाही. बरीच पुढे गेल्यावर, मोठ्या रस्त्यावरच्या बसचा आवाज ऐकू आला तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की त्याने सांगितलं आणि मी वळले होते.