ओरखड्यांची गाडी

आमच्या गाडीच्या उजव्या दारावर लांबलचक ओरखडा आहे, तो पोशीरच्या आमच्या घराच्या फाटकाने काढलेला. मागचा बंपर कर्जतच्या बाजारात चेपला. डाव्या आरशाला चिकटपट्टी आहे, तिचं कारण मी घरी अजून सांगितलेलं नाही. पन्नाशीला टेकल्यावर मी गाडी शिकले ती हिच्यावरच, कारण हिचं आता आणखी काय बिघडायचंय, असं नवऱ्याला वाटलं होतं. बरंच बिघडायचं बाकी होतं.

शिकले ती आईसाठी. माझं माहेर खालापूरकडे, कुंभिवलीला. अंतर काही फार नाही, पण लग्न झाल्यापासून मी तिथे गेले ती कोणीतरी नेलं म्हणून. कधी नवरा, कधी दीर. आई दारात आली की आधी माझ्यामागे कोण आलंय ते बघायची आणि लगबगीने चहा ठेवायची. सोडायला आलेल्या माणसाचा चहा संपला की माझं माहेरपण संपलं. तो बशीत ओतून भराभर प्यायला लागला की मी पिशवी आवरायला घ्यायचे. त्याचा तरी काय दोष, त्याला त्याची कामं असायची. पण राग यायचा तो यायचाच.

गाडी चालवता यायला लागल्यापासून हे सगळं थांबलं होतं. मनात आलं की निघायचं, आईजवळ बसायचं, तिची नखं कापायची, भांडायचंसुद्धा. आणि मग गेल्या वर्षी, खालापूरच्या अलीकडे एका चढावर जळका वास आला. इंजिन घुरघुरत होतं, पण गाडी जागची हलेना.

हायवेवर गॅरेज असलेला मेकॅनिक माझ्या माहेरचाच. त्याचे वडील आमच्या गावात शिवणकाम करायचे, त्यामुळे मी त्याची ताई. गाडी ओढून नेली, नवराही येऊन पोचला. मेकॅनिकने खालीवर पाहिलं आणि फार आदराने विचारलं, की ताई, क्लचवरून पाय कधी उचलता का? मी म्हटलं, हाताशी असलेला बरा म्हणून ठेवते तिथेच. नवरा तोंड फिरवून हायवेवरचे ट्रक बघायला लागला.

नुसता क्लच असता तर गोष्ट वेगळी. पण ऑइलही गळत होतं, इंजिन उतरवावं लागणार होतं, पुढच्या चाकांचंही काम निघालं. गाडी विकून जे आलं असतं, त्याहून जास्त खर्च. नवरा म्हणाला, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्याचं चुकत नव्हतं. हप्त्यांवर नवी घेऊ, असं त्याने सुचवलं आणि मीही हरखले. खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात रंगसुद्धा ठरवला.

पनवेलच्या शोरूममध्ये मी स्टिअरिंगमागे बसले. गाडीला कोऱ्या कपड्यासारखा वास होता. मी आरसा जरा हलवला, तर नवरा बाहेरून म्हणाला, "हळू गं. पहिलं वर्षभर मीच चालवतो. तुझा हात साफ होऊ दे, मग बघू."

तो प्रेमानेच म्हणाला. पण गाडी न चालवता हात साफ कसा व्हायचा, हे त्याने सांगितलं नाही. परत येताना नेरळपर्यंत तो रंगांबद्दल बोलत राहिला.

त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. गाडी बंद पडल्याचं तिला कळलं होतं. तिने हळूच विचारलं, "मंग आता कोन आणील गं तुला?"

हा प्रश्न मी विसरले होते. तिच्या तोंडून तो पुन्हा ऐकला आणि मला रडूच आलं.

पाटल्या करायच्या म्हणून भिशीचे पैसे ठेवले होते. मी मेकॅनिकला फोन करून इंजिन उतरवायला सांगितलं. त्याने बजावलं, "नीट विचार करा ताई, नंतर मला बोल लावू नका." मी म्हटलं, विचार झाला. मग नवऱ्याला सांगितलं की मसाला माझा आणि यापुढे कोंबडीही माझी, तू तुझी नवी खुशाल घे. तो मग म्हणाला, नवी कशाला, सकाळी मला नेरळ स्टेशनला सोडत जा म्हणजे झालं. तेव्हापासून तो शेजारच्या सीटवर बसतो आणि दर वळणावर "क्लच, क्लच" करतो. तेवढं मी सोसते.

गाडी ताब्यात मिळाली त्या दिवशी गॅरेजमधून थेट आईकडे गेले. पाय क्लचपासून चांगला लांब ठेवला होता. आई हॉर्न ऐकून बाहेर आली. सवयीने माझ्यामागे बघितलं. कोणी नव्हतं. मग ती ओट्यावरून उतरली, दारावरच्या ओरखड्यावरून बोट फिरवलं.

"किती येळ हायेस?"

"तू म्हणशील तोवर."

ती मग पदराला हात पुसत आत वळली.

"मंग च्या नको," ती म्हणाली, "भात टाकते."