नर्सबाईंचं सारवण

तिसगावच्या उपकेंद्रातल्या नर्सबाई आसनांची खरी नावं कधीच घेत नाहीत. पाय पसरून हात गोल फिरवले की ते दळण. गुडघ्या-हातांवर ओणवं होऊन पाठ वरखाली केली की ते सारवण. काहीही करायला सांगताना शेवटी त्या 'हळू गं' म्हणतात, फोनवर नवऱ्याशी बोलतानासुद्धा.

सातव्या महिन्यात माझी कंबर फार दुखायची, म्हणून मी दर मंगळवारी त्यांच्याकडे जाऊ लागले. दुखणं कमी झालं, झोपही लागायला लागली. तरी एकदा सासूबाई तणतणत तिथे आल्याच.

"पोटुशी बाईला कसरती करायला लावता व्हय?"

"कसरत न्हाई मावशी, सारवण हाय. पन हिला नीट जमंना. तुमी दाखवता का?"

सासूबाईंनी पदर खोचला आणि सतरंजीवर ओणव्या झाल्या.

"आता श्वास सोडत पाठ वर. हळू गं."

दहा वेळा पाठ वरखाली करून त्या उठल्या. पदर सोडला आणि माझ्या पुढे तरातरा घराकडे निघाल्या.

पुढच्या मंगळवारी मी आवरतच होते, तर दारातून हाक आली, "चल लवकर, सारवायला उशीर होतोय."

सासूबाईंच्या काखेत दोन सतरंज्या होत्या.