वाचनालयातली पिवळी भुकटी

शाळेतून निवृत्त झाले त्या हिवाळ्यात मी दर रविवारी सकाळी सात-आठ जणांना सायकलवर घेऊन वर्ध्यातली वाचनालयं आणि पुस्तकांची दुकानं दाखवायला लागले. बोरगाव मेघेहून निघायचं, दोन दुकानं, तीन वाचनालयं, मग चहा. शेवटचं वाचनालय माझं सगळ्यात लाडकं, शाळेत शिकवत होते तेव्हापासूनचं. कौलारू, उंच छताचं, मधोमध लाकडाची जाड तुळई. तिथे शिरलं की मी म्हणायची, "श्वास घ्या. हा जुन्या पुस्तकांचा वास."

त्या रविवारी आष्टीचे एक सुतार आले होते. मुलीकडे मुक्कामाला होते, तिनंच त्यांचं नाव दिलेलं. वाटेत फारसे बोलले नाहीत. दुकानात सगळे पुस्तकं चाळत असताना ते फळ्या चाचपून बघत होते.

शेवटच्या वाचनालयात मी माझं वाक्य म्हटलं. सगळ्यांनी डोळे मिटले. सुतार मात्र वर्तमानपत्रांच्या टेबलाकडे बघत राहिले. टेबलावर पिवळसर भुकटी होती, पिठासारखी बारीक. आधीचे तीन रविवार मी ती पाहिली होती आणि हातानं झटकून टाकली होती.

"हे कवापासून पडून राह्यलं?" त्यांनी ग्रंथपाल बाईंना विचारलं.

"दिवाळीपासून. रोज पुसतो मी, भाऊ. दुपारपर्यंत पुन्हा येते."

कोपऱ्यातली छत्री घेऊन ते टेबलावर चढले आणि तुळईवर हलकेच टकटक केलं. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. तुळई भिंतीत जाते तिथे छत्रीचं टोक टेकवलं, तर ते सरळ आत गेलं.

ते जपून खाली उतरले. "सगळे बाहेर चला. पळू नका, पाय आपटू नका."

पेपर वाचणारे तीन म्हातारे माझ्याकडे बघू लागले. मला अवघडल्यासारखं झालं, थोडा रागही आला. "अहो, इतकी वर्षं उभी आहे ही इमारत."

"मॅडम, भुंग्यानं पोखरली हे तुळई, आत लाकूड उरलं नाई. नुसता रंग उभा हाय."

बाहेर आल्यावर त्यांनी बाईंना कुलूप लावायला सांगितलं. बाईंनी लावलं आणि वाचनालयाच्या समितीला कळवलं. कुणीतरी येऊन बघेल, असं उत्तर आलं. सोमवारी कुणी आलं नाही. मंगळवारी ते तीन म्हातारे माझ्या घरी आले. "तुमच्या पाहुण्यानं आमचं वाचनालय बंद पाडलं," म्हणाले. मला त्यांच्यापुढे खाली बघावं लागलं. ते गेल्यावर मी बाईंना फोन केला. "उद्या उघडा. समितीशी मी बोलते."

"मॅडम, आज मी खिडकीले कान लावला होता. आत कुरकुर वाजून राह्यलं. मले भेव लागते."

"उंदीर असतील," मी म्हटलं.

बुधवारी दहा वाजता मी स्वतःच गेले. म्हातारे पायऱ्यांवर बसले होते. बाई दाराशी उभ्या, किल्ली मुठीत.

"द्या इकडे."

त्यांनी मूठ पाठीमागे नेली. "नाई देत. पाहिजे तर समितीले सांगून कामावरून काढा मले."

इतक्या वर्षांत त्या मला कधी नाही म्हणाल्या नव्हत्या. मी हात पुढे करून तशीच उभी होते, तेव्हा आत काहीतरी कडाडलं. मग एकामागोमाग कौलं कोसळली आणि दाराखालच्या फटीतून धुळीचा लोट आमच्या पायांवर आला. बाई दाराला पाठ लावून रडत होत्या. माझा हात अजून पुढेच होता.

तुळई वर्तमानपत्रांच्या टेबलावर आडवी पडली होती. दहा वाजता तिघं तिथेच बसायचे.

संध्याकाळी मी सुतारांना फोन केला. "आत कोणी होतं का?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, "मंग ठीक."

ढिगाऱ्यातून वाचलेली पुस्तकं आता एका शाळेच्या खोलीत आहेत. मी तिथे गेले की त्या तिघांतले एक म्हातारे नवीन माणसाला हटकून सांगतात, "या मॅडमनं सुताराले आणलं म्हणून आमी जिवंत हावो." बाई पलीकडे पुस्तकांना कव्हर घालत असतात. त्या मान वर करत नाहीत, आणि किल्लीचं मीही काही सांगत नाही.