बेंबळीच्या परसातली दोन पिवळी फुलं

शांताचा निरोप आला तेव्हा मी शाळेत झाडाफुलांचे धडे शिकवून नुकतीच घरी आले होते. भुसार आडतीवरच्या माणसानं दारातूनच सांगितलं, "बेंबळीच्या शांताबाईंनी सांगितलंय, फुलं बारकी झाली, येऊन बघून जा." लग्नकार्याला बोलावलं असतं तर मी चार दिवस घोळ घातला असता, फुलांसाठी बोलावल्यावर लगेच रजा काढली. आमचे हे म्हणाले, "फुलं बघायला निजामाच्या मुलखात? सोलापुरात फुलत नाहीत वाटतं?" मी त्यांना डाळीचा डबा दाखवला आणि पिशवी भरायला घेतली.

शांता माझी शाळासोबतीण. तिचा थोरला भाऊ महादेवदादा हैदराबादेत एका बागेवर होता. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला त्यानं बहिणीला साडीबरोबर फुलांच्या बिया आणल्या. सोनेरी पाकळ्या, मुळाशी तांबूस डाग. इंग्रजी बागेच्या पुस्तकात त्याला कोरिऑप्सिस म्हणतात, बेंबळीत नुसतंच दादाचं फूल. झाड वर्षाचं. बी धरलं तर पुढच्या साली, नाहीतर संपलं. मी जाण्याच्या आदल्या वर्षी महादेवदादा तापानं गेला, आणि लढाईमुळे विलायती बियाणं बाजारात येईनासं झालं. हे फूल गेलं तर भाऊ पुन्हा एकदा जाईल, असं शांताला वाटत होतं. म्हणून मी गेले.

जाणाऱ्यांसाठी सांगते. तुळजापूरवरून धाराशिवला जाणारी मोटार सध्या कोळशाच्या गॅसवर चालते. गॅसची भट्टी मागच्या बाजूला असते, तेव्हा शक्यतो पुढे बसा. मी मागे बसले आणि उतरले तेव्हा काजळलेल्या कंदिलासारखी दिसत होते. घाटात पुरुषमंडळींना उतरून चालावं लागतं, त्याबद्दल मोटारवाला कोणाची माफी मागत नाही. इंग्रजी कलदार रुपये आधीच मोडून निजामाचं हाली नाणं जवळ ठेवा. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर सामान उघडतात. माझ्या पिशवीतलं भिंग शिपायानं उलटंसुलटं करून पाहिलं.

"ये कायकू, बाई?"

"फुलं बघायला."

"फूल देखने को कांच? आंखां नहीं क्या?" असं म्हणून त्यानं भिंगातून स्वतःचा अंगठा निरखला, खूश झाला आणि मला सोडलं.

पाटीवर उस्मानाबाद, लोकांच्या तोंडी धाराशिव. बाजारातल्या खानावळीत ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. तशी चटणी सोलापुरातही मिळते असं मी आजवर मानत होते, आता मानत नाही. तिथून शांताच्या घरची बैलगाडी. रस्ता हाडं खिळखिळी करणारा, पण दोन्ही बाजूंना ज्वारी कापणीला आलेली आणि बांधाबांधानं करडई पिवळीधमक. माघात या मुलखात या, दुसऱ्या कुठल्या महिन्याचं मी सांगत नाही.

सकाळी उठल्याबरोबर शांतानं मला परसात नेलं. आडाजवळ कमरेएवढी झाडं दाटली होती, शेकडो फुलं वाऱ्यावर हलत होती. मी हरखूनच गेले. शांताचा चेहरा मात्र उतरलेला.

"बघ की. आधी केवढी मोठी यायची. सगळे म्हणतात, जमिनीतला कस गेला. गेल्या साली गाडीभर खत घातलं, तरी बारकीच."

मी खाली बसले. या फुलांना वरून बघून काही कळत नाही, उलटं करून बघावं लागतं. फुलाखाली इवल्या हिरव्या पानांच्या दोन रांगा असतात. इथं आतली रांग मोठी आणि बाहेरची नुसती दातेरी कडेसारखी, अगदी आखूड. पानं शेपूसारखी बारीक. तेवढ्यात भिंतीकडेला चार बुटकी झाडं दिसली. पानांचे तुकडे रुंद, खालची पानं तर गोलसर. एकाही झाडावर फूल नव्हतं, पण कळ्या होत्या. कळी उलटी केली तर बाहेरची रांग आतल्याएवढीच लांब. फूल न उमलताही ओळख पटली.

"शांता, फूल बारकं झालेलं नाही. दादानं दोन जातींच्या बिया आणल्या होत्या. बारकी वाढली, मोठी संपत आली. ही चारच उरलीत."

"मग ह्यांचंच बी का धरत न्हाय?"

मी उत्तर द्यायच्या आत शांताची सासू, अव्वा, न्हाऊन ओलेत्यानं बाहेर आली. रोज सकाळी ती गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा करते आणि पूजेला परसातलं सगळ्यांत मोठं फूल घेते. बारकी फुलं झाडावर राहतात, पिकतात, त्यांच्या गोचिडासारख्या काळ्या बिया आडाभोवती सांडतात. मोठं फूल उमलल्या दिवशीच खुडलं जातं. फाल्गुनात आड आटला की झाडं वाळतात, मग उशिराच्या फुलांना पिकायला वेळच उरत नाही. शांताला हे माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं. सासूला देवाचं फूल तोडू नका म्हणायचं कोणी? दुपारची शेंगापोळी अप्रतिम झाली होती, पण दोघींचीही ताटात तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी भिंतीकडेचं एक फूल उमललं. खरंच तळहाताएवढं वाटलं मला, इतकं ते देखणं होतं. अव्वाचा हात देठाशी गेला आणि शांता बोलली.

"अव्वा, तेवढं ठेवा. दादाचं फूल संपत आलंय. तुम्ही खुडता, म्हणून बी धरत न्हाय."

अव्वानं हात मागं घेतला.

"म्या रोज त्याच्याच नावानं वाहत होते गं. पोरगं लई गुणाचं. बारकं फूल कसं वाहू त्याच्या नावानं?"

शांताला रडू फुटलं. मलाही आवरेना, आणि आवरावं असंही वाटलं नाही.

अव्वा आत गेली. आता ती रुसली असं आम्हाला वाटलं. पण ती विभूती, पाण्याचा तांब्या आणि पाट घेऊन बाहेर आली. झाडाशेजारी पाट टाकला, डाव्या तळहातावर लिंग घेतलं, पूजा केली, आणि शेवटी फांदी हलकेच वाकवून फूल लिंगाला टेकवलं. मग फांदी सोडून दिली. फूल झोका घेऊन परत आपल्या जागी गेलं.

"वाहिलं," अव्वा म्हणाली. "आता पिकू दे."

मी त्याच दिवशी निघाले. चैत्रात आडतीवरचा तोच माणूस बियांची पुरचुंडी घेऊन आला. सोबत अव्वाचा निरोप, "थोडं बाईंच्या दारी असू द्या. हितं काय झालं तर तिथं ऱ्हाईल."

या माघात माझ्या अंगणात पहिलं मोठं फूल उमललं. बाहेरची रांग आतल्याएवढीच लांब; मी दोनदा उलटं करून पाहिलं. ह्यांनी सोवळ्यातूनच हाक मारली, "अगं, देवाला एक फूल तोडून दे."

मी म्हटलं, "तोडायचं नाही. देवाला बाहेर आणा."