सात ओळींचं वाक्य

ही गोष्ट मी घरातसुद्धा सांगितली नाही. आता वय झालं, पुढं लिहिणं व्हायचं नाही, म्हणून लिहून टाकतो.

जालन्यात एका नर्सिंग विद्यालयात मी हेडक्लार्क होतो. प्रवेश मिळालेल्या मुलींना आम्ही पोस्टानं पत्र पाठवायचो. दोन हजार सालानंतर वेबसाइट झाली, पत्रं बंद झाली आणि प्रवेशाची माहिती मी लिहिली. ‘उमेदवारांनी विहित मुदतीत मूळ प्रमाणपत्रांसह प्रत्यक्ष उपस्थित राहणे बंधनकारक असून...’ असं एकच वाक्य सात ओळी चाललं होतं.

कॉम्प्युटरवर बसणाऱ्या बाई हसनाबादच्या. म्हणाल्या, “साहेब, हे वाचू वाचू पोरगी म्हातारी व्हईल.” त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं: ‘पत्र येणार नाही. तीस तारखेच्या आत मूळ कागद घेऊन स्वतः या.’

“दुकानाची पाटी आहे का ही?” म्हणून मी चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकली.

दोन तारखेला वाटूरची एक मुलगी वडिलांना घेऊन आली. यादीत तिचं नाव होतं, पण जागा आदल्या दिवशीच दुसरीला दिली होती.

“फॉर्म तर टायमावर भरला साहेब,” वडील म्हणाले. “पोस्टमनला रोज इचारून राह्यलो. पत्रच आलं न्हाई, मंग कसं यावं?”

मी वेबसाइटचा छापील कागद तिच्यापुढं सरकवला. “इथं लिहिलंय. वाच मोठ्यानं.”

ती वाचायला लागली. ‘विहित’पाशी अडखळली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ऑफिसातले सगळे मान वर करून ऐकत होते.

“शाळंत पहिली आल्ती म्हणं,” वडील तिला म्हणाले. “अन् हे वाचता येईना?”

“माझंच चुकलं, दादा,” ती वडिलांना म्हणाली.

मी कागद परत माझ्याकडं ओढून घेतला. बाईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी ड्रॉवरमधली चिठ्ठी मी त्यांना दिली. त्यांनी काही न विचारता तो मजकूर वेबसाइटवर सगळ्यात वर टाकला.

फॉर्मवर तिचा पत्ता होता. रिटायर झाल्यावर एकदा एसटीनं वाटूरला गेलो. घर विचारलं, लोकांनी गल्ली दाखवली. दारापर्यंत जायची हिंमत झाली नाही. फाट्यावर परत आलो, मिळेल त्या गाडीत बसलो.

तिच्या वडिलांसमोर तिला एवढंच सांगायचं होतं: बेटा, तुझं वाचणं बराबर होतं. लिहिणं माझं चुकलं होतं, आणि ते मला त्याच वेळी माहीत होतं. मला माफ कर.