हँडलला अडकवलेली किल्ली

विजेच्या उपकेंद्राला स्वतःचा एक गुणगुणता आवाज असतो, आणि तो थांबल्याशिवाय तो होता हे कळतच नाही. वैशाखातल्या त्या दुपारी वाटूरच्या उपकेंद्रात तो थांबलेला होता. तापलेल्या खडीचा आणि तेलाचा वास तेवढा हवेत उभा होता, आणि उजेड असा पांढरा की माणसांच्या सावल्याही पायाखाली दडून बसलेल्या.

माझी सून वैशाली जिल्ह्याच्या विजेची सगळ्यात मोठी अधिकारी. आम्ही दोघी परतूरला लग्नाला निघालो होतो, पण वाटेत तिला कळलं, की लाइन बंद आहे आणि मुंबईहून साहेबांचे फोनवर फोन येताहेत. मंग कसलं लग्न! जीप सरळ उपकेंद्राकडे वळली.

तिथली एक रीत मला त्याच दिवशी कळली. खांबावर चढणारा लाइनमन आपल्या घराची किल्ली बंद केलेल्या स्विचच्या हँडलला अडकवून जातो. काम संपलं, की त्यानंच येऊन ती काढायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. त्या दिवशी रफिक नावाच्या लाइनमनची किल्ली लटकत होती, हिरव्या दोऱ्याची.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. ऑपरेटर कदमांनी ऐकून घेतला आणि म्हणाले, “रफिक हाय, मॅडम. उतरलो म्हंतो. लाइन सोडा म्हंतो.”

वैशालीनं स्वतः फोन घेतला, ऐकला, खाली ठेवला. आवाज त्याचाच, तिनंही मान हलवली. पण नजर किल्लीवर. तेवढ्यात तिच्या मोबाइलवर मुंबईच्या साहेबांनी टोमणा मारला म्हणे, की तुमच्या जिल्ह्यात कायदा किल्लीवर चालतो काय. ती फक्त म्हणाली, “मी बघून येते, सर.” मला म्हणाली, “आई, तुम्ही बसा.” मी बसते कुठली, गेलेच जीपमधून.

कोसभर गेल्यावर दिसलं. उन्हाच्या झळांत खांबाचा बुडखा विरघळून गेलेला, आणि त्यावर अधांतरी, पट्ट्यानं बांधलेला एक माणूस, दोन्ही हात तारेवर.

वैशालीनं खालून हाक मारली. रफिक काम उरकून उतरला. तिनं फोनचं विचारलं, तर तो घाम पुसत हसला.

“मी कुठं फोन केला, मॅडम? सकाळपासून वरच हाय. मोबाइल तर घरीच राह्यला. बिलकुल न्हाई केला.”

तो उपकेंद्रात आला, आपल्या हातानं किल्ली काढून खिशात टाकली, मगच तिनं लाइन सोडायला सांगितलं. तो गुणगुणता आवाज परतला, तर माझ्या अंगावर काटा आला. कदम अजूनही शपथेवर सांगतात, आवाज त्याचाच होता.

परतताना ती एवढंच बोलली, “किल्ली नसती, तर मी सोडली असती, आई.”

तिच्या खुर्चीचा मला केवढा अभिमान. पण तिथं बसणाऱ्याला किती आवाजांवर माणसं सोपवावी लागतात, हे कधी मनात आलं नव्हतं. परवा गावाकडून, हसनाबादहून, मी तिला सहज फोन केला. तिनं विचारलं, “आई, तुम्ही आत्ता कुठं आहात? समोर काय दिसतंय?” मी सांगितलं, ओसरी, वाळत घातलेल्या कुरडया, बांधलेली शेळी. पलीकडे ती बराच वेळ गप्प राहिली, आणि त्या शांततेत, खरं सांगते, बोलतंय ते मीच ना, याची मलाही क्षणभर खात्री वाटेना.