राइस मिलखालची माणसं

अल्का रामटेकेची आई लीलाबाई गोंदियात विड्या वळायची. पोरीला बँकेत नोकरी लागावी, एवढीच तिची इच्छा. अल्का पुरातत्त्व शिकली आणि वीस वर्षं दुसऱ्यांच्या शहरांत जुने कोट, बुजलेल्या विहिरी उकरत राहिली.

"माती उकराले एवढी शिकली का?" लीलाबाई म्हणायची.

स्वतःच्या गावात तिला काम मिळालं ते पंचेचाळिसाव्या वर्षी. बंद पडलेली राइस मिल पाडून तिथं दुकानांची इमारत व्हायची होती. पाया खोदताना हाडं निघाली. पोलिसांनी पाहिली, हाडं फार जुनी ठरली, तेव्हा पुरातत्त्व खात्याकडून अल्काला बोलावणं आलं. मुदत सहा आठवड्यांची.

चार हात खोल माणसं ओळीनं निजवलेली होती. बहुतेक तरुण, आणि तरी मणके झिजलेले. रेल्वेची लाइन टाकायला आलेले मजूर असावेत, एखाद्या साथीत गेले असावेत, असा अल्काचा अंदाज. एका बाईच्या मनगटात काचेच्या बांगड्या शाबूत होत्या.

कंत्राटदार रोज यायचा. "मॅडम, हड्डियाँ तो निकलती रहती हैं. कॉलम कब डालूँ?"

"मुदत संपल्यावर," ती म्हणायची.

पाचव्या आठवड्यात लीलाबाई ऑटोनं आली आणि खड्ड्याच्या काठावर बसली.

"नावं काय या लोकायची?"

"माहीत नाही, आई. नंबर दिलेत."

लीलाबाई बांगड्यांकडे पाहत राहिली. "हिले उन्हात काऊन ठेवलं? झाक तिले."

मोजमाप, फोटो सगळं झालेलं होतं. अल्का खाली उतरली आणि आपली ओढणी तिच्यावर घातली. असं करायचं नसतं, हे तिलाच सगळ्यांत जास्त ठाऊक होतं.

मुदत संपली तेव्हा उत्तरेची पट्टी उकरायची राहिली होती. तिनं पंधरा दिवस मागितले, मिळाले नाहीत. "काम पूर्ण" एवढं लिहून द्या, असा खात्याचा निरोप आला. तिनं लिहिलं, "काम अपूर्ण. उत्तरेकडे अजून माणसं आहेत." आठवड्याभरात तिथं काँक्रीट पडलं. पुढची दोन वर्षं तिला कुठल्याच सरकारी कामावर घेतलं नाही.

बाहेर काढलेल्या तेवीस जणांचा अभ्यास झाल्यावर त्यांना पुरायला पालिकेनं स्मशानाजवळ जागा दिली. कोणत्या रीतीनं पुरायचं, यावर तीन बैठका मोडल्या. शेवटी अल्का, तिची आई आणि चार मजूर, एवढेच गेले. कसलीच प्रार्थना म्हटली गेली नाही. लीलाबाईनं प्रत्येकावर मूठभर माती टाकली.

त्या इमारतीत आता कपड्यांची दुकानं आहेत. अल्का तिथं पाय ठेवत नाही.